मुंबई–न्यूयॉर्क: अंतर तेच, वेळ वेगळी का?

प्रश्न: आई प्रथमच मुंबईहून न्यूयॉर्कला येत आहे. अंतर दोन्ही बाजूंनी सुमारे १२,५०० किलोमीटर असताना येताना जवळपास १६ तास आणि परतीला त्याहून तास-दीड तास कमी का लागतात?

उत्तर १: उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, म्हणजे जेट प्रवाह, परतीच्या विमानाला मागून रेटतात आणि येताना समोरून अडवतात, हिवाळ्यात ते अधिक जोरकस असल्याने फरकही वाढतो.

उत्तर २: शिवाय १२,५०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरचे किमान अंतर आहे, बंद हवाई हद्दी टाळताना प्रत्यक्ष मार्ग लांबतो.

उत्तर ३: तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, हेही आईंना सांगा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे असल्याने रात्री २ वाजता निघून १६ तासांनी उतरल्यावर तेथे सकाळचे साडेआठच वाजलेले असतील. माझ्या सासूबाईंनी मनगटावरचे घड्याळ मुंबईचेच ठेवले होते, त्यामुळे विमानात गोळ्यांच्या वेळा चुकल्या नाहीत.