रोलर कंबरेखाली नको

कंबर दुखत असेल तर फोम रोलर (स्नायू मोकळे करायला वापरतात तो फोमचा दंडगोल) थेट कंबरेखाली घेऊन रोज दहा मिनिटं लोळायचं, असं काहीजण सुचवतात, ते मला पटत नाही. वरच्या पाठीला चालेल, तिथल्या 12 मणक्यांना बरगड्यांचा आधार असतो. कंबरेच्या 5 मणक्यांना तो नाही. रोलरवर वजन टाकलं की कंबर मागे वाकते आणि स्नायू सैल पडायच्या ऐवजी आणखी आवळून धरतात. मी हे तीन आठवडे इमानेइतबारे केलं. मोजे घालायला वाकता येईना, एवढीच काय ती कमाई.

फरक पडला तो टेनिस बॉलने, आणि तोही कंबरेला नाही, कुल्ल्याला लावून. जुन्या मोज्यात बॉल घालायचा, मोज्याचं टोक हातात धरायचं (नाहीतर बॉल घरंगळून थेट कपाटाखाली), भिंतीला टेकायचं आणि गुडघे किंचित वाकवत दुखरी जागा शोधायची. सापडली की हलायचं नाही. 30 ते 60 सेकंद नुसता दाब, श्वास चालू. दुखणं हवंहवंसं वाटलं पाहिजे, दात-ओठ खावे लागले तर दाब जास्त झालाय. पायात मुंग्या आल्या तर बॉल लगेच सरकवा, तिथल्या खोल स्नायूखालूनच सायटिक नस (कंबरेतून पायात उतरणारी जाड नस) जाते. मणक्यावर तर बॉल नकोच. आणि ज्यांचा पाय बधिर होतो, त्यांनी हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा सुटतोय असं वाटलं तर तातडीने, त्याच दिवशी.