मदत हवी आहे : 'ती चांगली गाते' मधलं 'चांगली' इंग्रजीत 'गुड' का नाही?

नमस्कार मंडळी,

लेक सातवीत आहे, सेमी इंग्रजीला. परवा घटक चाचणीचा पेपर घेऊन आली तेव्हा तोंड एवढंसं झालेलं. 'माय सिस्टर सिंग्ज गुड' यातल्या 'गुड'ला लाल गोल, वर 'वेल' लिहिलेलं. खाली 'माय फादर वर्क्स हार्डली' वर नुसतीच फुली. तिचं म्हणणं, "बाईंनीच सांगितलं ना, क्रियापदाबद्दल बोलायचं असेल तर 'ली' लावा. लावलं की!"

मला उत्तर देता येईना. मी मराठी माध्यमाची. विशेषण नामाबद्दल सांगतं, क्रियाविशेषण क्रियापदाबद्दल, ही व्याख्या झोपेतही म्हणेन. वाक्य समोर आलं की गाडी अडते. त्यात 'फ्रेंडली' म्हणे विशेषण. त्यालाही 'ली' आहेच की! आणि 'द मँगो टेस्ट्स स्वीट' मध्ये 'टेस्ट्स' क्रियापद, मग 'स्वीटली' का नाही?

नियमांची यादी पुस्तकात आहे, ती नको. आधी मला कळेल असं कुणी सांगाल का?

प्रतिसाद १

ताई, लेक चुकली ती मराठीमुळे. आपण म्हणतो 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते'. शब्द बोलतोय गाण्याबद्दल, पण लिंग घेतोय गाणाऱ्याचं. 'लावणी चांगली म्हटली, भजन चांगलं म्हटलं' इथे तर लावणी-भजनाप्रमाणे बदलतोय. शाळेत आपण 'क्रियाविशेषण अव्यय' शिकलो, अव्यय म्हणजे न बदलणारं, आणि हा पठ्ठ्या खुशाल बदलतो. मोठ्या व्याकरणांत म्हणूनच 'सव्यय क्रियाविशेषण' असं वेगळं नाव आहे. थोडक्यात, मराठीत एकच शब्द दोन्ही कामं करतो. इंग्रजीत बहुतेक वेळा दोन कामांना दोन रूपं लागतात.

तिला दोन प्रश्न विचारायला सांगा. बहीण कशी आहे? गुड. गाते कशी? वेल.

आणि नावात 'क्रिया' आहे म्हणून फसू नका. 'व्हेरी स्वीट' मधलं 'व्हेरी' क्रियापदाबद्दल काहीच सांगत नाही, 'स्वीट' या विशेषणाबद्दल सांगतं. तरी ते क्रियाविशेषणच.

प्रतिसाद २

आंब्याचं सोपं आहे. आंबा काही करत नाहीये, बिचारा फोडी होऊन ताटलीत पडलाय. 'टेस्ट्स' काढून 'इज' घाला : 'द मँगो इज स्वीट'. वाक्य टिकलं, म्हणजे पुढचा शब्द आंब्याचं विशेषण.

'लुक'ला तर मराठीच मदतीला येते. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली. 'शी लुक्ड अँग्रिली अ‍ॅट मी' म्हणजे तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. आपल्याकडे दिसणं वेगळं, पाहणं वेगळं. तसंच वास येणं आणि वास घेणं. आधी मराठीत म्हणून बघायचं. दिसणं, वास येणं निघालं तर 'ली' नको.

प्रतिसाद ३

'फ्रेंडली'बद्दल. जुन्या इंग्रजीत 'रूप, शरीर' अशा अर्थाच्या शब्दापासून विशेषणाचा एक प्रत्यय आला. क्रियाविशेषण करायला त्याच्यापुढे आणखी एक स्वर लागायचा. काळाच्या ओघात शेवट झिजले आणि दोन्हींचं 'ली' झालं. 'फ्रेंडली', 'लव्हली' ही त्यातली विशेषणं. 'हार्ड', 'फास्ट' यांची क्रियाविशेषणं नुसत्या त्या स्वरावर व्हायची. तो गळला आणि विशेषणासारखंच रूप उरलं. म्हणून 'वर्क्स हार्ड'.

'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. 'माय फादर हार्डली वर्क्स' असं लिहिलं असतं तर वाक्य बरोबर, पण बाबांची अब्रू गेली असती! 'लेट' आणि 'लेटली'चंही तेच : एक उशिरा, दुसरं अलीकडे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल जेवताना परीक्षा घेतली. वरण कसं झालंय? "इट टेस्ट्स गुड." आज अभ्यास कसा केलास? बाबांकडे बघत म्हणते, "हार्डली!"

आता तिची नवी शंका : 'आय अ‍ॅम नॉट वेल' मध्ये 'अ‍ॅम' आहे, मग तिथे 'वेल' कसं चालतं?

प्रतिसाद १

ते 'वेल' वेगळं. तब्येतीने ठीक, या अर्थाचं विशेषणच आहे ते. पोरगी हुशार आहे हो.