मदत हवी आहे: भावाला फराळ पाठवायचा आहे, कुरियरवाले पार्सल घेत नाहीत

महालची_ताई
नमस्कार. घाईत लिहून राहिली आहे, चुकलंमाकलं समजून घ्या. भाऊ फौजेत आहे, त्याला फराळाचा डबा पाठवायचा आहे. काल सीताबर्डीवर तीन कुरियरवाल्यांकडे जाऊन आले. एक म्हणाला पिन चालत नाही, दुसरा म्हणाला देश सांगा, तिसऱ्याने डबा काट्यावरून उचलून परत माझ्या हातात दिला. आईचे अनारसे झाले आहेत आणि दिवाळी तीन आठवड्यांवर आली. कोणी असं पार्सल पाठवलं असेल तर कसं पाठवलं आणि किती दिवस लागले, एवढंच सांगा.

धरमपेठ_७७
भाऊ कुठे आहे? पिन काय आहे? डबा किती किलोचा? यातलं काहीच लिहिलं नाही तर सांगणार कसं?

लेहचा_जावई
माझा साळा लेहला होता तेव्हा आम्ही दरवर्षी पाठवत होतो. साजूक तुपातले लाडू अजिबात देऊ नका, तिथल्या थंडीत दगड होतात. शेव-चिवडा, शंकरपाळे, चकल्या द्या. लोकरीचे मोजेही नको, सरकारी मिळतात ते कितीतरी चांगले असतात. त्याला सर्वात आवडायचं ते घरचं मेतकूट आणि लसणाची चटणी.

महालची_ताई
लेह नाही हो. परदेशात आहे, सुदानमध्ये, युएनच्या मिशनवर. पिन ९ ने सुरू होतो. डबा साधारण चार किलोचा. पूर्ण पत्ता असा:
(पत्ता काढला आहे. – संपादक)

कामठीकर_निवृत्त
संपादकांचे आभार. ताई, नंबर, हुद्दा, युनिट आणि जागा असं एकत्र कुठेही टाकायचं नसतं, घरच्यांच्या ग्रुपवरसुद्धा नाही. रागावू नका, मी २४ वर्षं नोकरी केली म्हणून सांगतो.

आता कामाचं. पिनचा पहिला आकडा ९ म्हणजे तो सेनेच्या टपालाचा पिन. खासगी कुरियर तिथवर जातच नाही, त्यामुळे त्या तिघांवर चिडून उपयोग नाही. पार्सल पोस्टातच द्यावं लागतं. पत्त्याच्या शेवटी ‘५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) आहे का ते पाहा. असेल तर भावाचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ आणि पिन, इतकंच लिहा. देशाचं, गावाचं नाव लिहायचं नाही. ते पार्सल आधी दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसात जातं आणि युनिट कुठे आहे ते तिथल्यांना ठाऊक असतं.

टोरांटोची_आई
इतकं कशाला? मी मुलाला दरवर्षी स्पीड पोस्टाने कॅनडाला फराळ पाठवते. कस्टमचा फॉर्म भरायचा, आत काय आहे आणि किंमत किती ते लिहायचं, ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची. थेट सुदानचा पत्ता टाका नं!

कामठीकर_निवृत्त
मॅडम, टोरांटोला घराला नंबर असतो, दार वाजवणारा पोस्टमन असतो. छावणीला ते नसतं. थेट पाठवलं तर पार्सल त्या देशाच्या कस्टममध्ये पडून राहील, सोडवायला जाणार कोण?
आणि ताई, सुदान की दक्षिण सुदान? २०११ पासून ते दोन वेगळे देश आहेत. आपल्या बटालियन आहेत त्या दक्षिण सुदानच्या मिशनमध्ये, त्याचं मुख्यालय जुबाला. कुणाच्या सांगण्यावरून पाकिटावर नुसतं ‘सुदान’ लिहिलंत तर डबा भलतीकडेच जायचा.

महालची_ताई
हो, जुबाच म्हणाला होता. पत्त्यात ५६ एपीओ आहे, मला वाटलं ते युनिटचंच नाव. मग दिवाळीपर्यंत पोचेल नं?

वर्धारोड_विशाल
आर्मी पोस्टल सर्व्हिसचं सेंटर तर आपल्या कामठीतच आहे! तिथेच नेऊन द्या, दोन दिवस वाचतील.

कामठीकर_निवृत्त
विशालभाऊ, ते प्रशिक्षणाचं केंद्र आहे, पार्सल तिथे द्यायचं नसतं. उगाच ताईंना तिकडे धाडू नका. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत जा.

दिवाळीचं खरं सांगू का? मनाची तयारी ठेवा. मी कांगोत गोमाला होतो, तेव्हा आईचं पार्सल मला दीड महिन्याने मिळालं होतं. पोस्ट पुढे फिरून-फिरून येते, विमान मिळेल तसं. म्हणून दिवाळीचा हिशोब सोडा आणि दोन महिने टिकेल तेच भरा. खोबऱ्याच्या करंज्या काढा, खवट होतील. संत्रा बर्फी तर नकोच, त्या उकाड्यात पार विरघळेल. शंकरपाळे, कमी तेलाचा चिवडा, तीळ-गुळाची वडी, मेतकूट, सावजी मसाला चालेल. अनारसे पाठवायचेच असतील तर नीट कोरडे होऊ द्या आणि एकेक कागदात गुंडाळा.

धरमपेठ_७७
सोबत पॉवरबँक आणि डिओ टाका, पोरांना तेच लागतं.

लेहचा_जावई
पॉवरबँक पोस्टात चालत नाही. सुटी लिथियम बॅटरी आणि स्प्रे, दोन्ही नाही. एका वस्तूसाठी अख्खा डबा अडकेल.

धरमपेठ_७७
आम्ही पाठवली होती, पोचली.

लेहचा_जावई
पोचली म्हणजे नियम बदलला असं नाही. आग लागली तर त्या विमानात दुसऱ्या पोरांच्या घरचेही डबे असतात.

अजनीचे_सर
विषय पिनचा निघाला म्हणून सांगतो. ही पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी, संस्कृतचे कवीही होते. पहिला ९ त्यांनी सेनेसाठी ठेवला. आमच्या शाळेतली मुलं जवानांना राख्या पाठवतात, तेव्हा मी हे दरवर्षी सांगतो. ताई, तुमच्या भावासाठी मुलांकडून पत्रं लिहून घेऊ का?

महालची_ताई
सर, पत्रं नंतर बघू, आधी डबा जाऊ द्या. आईला दीड महिना सांगितला तर ती उठून आतल्या खोलीत गेली. त्याची बाहेरची ही पहिलीच दिवाळी. पॅकिंगचं सांगा कोणीतरी, मी उद्याच जाते.

कामठीकर_निवृत्त
घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, प्लास्टिक दबतं. आत रिकामी जागा राहिली की चकलीचा भुगा होतो, म्हणून फटीत जुने रुमाल, बनियन कोंबा, तेही त्याच्या कामी येतात. झाकणाला टेप मारा आणि वरून पांढऱ्या मांजरपाटात शिवून घ्या. पत्ता कापडावर मार्करने लिहा आणि तोच पत्ता एका चिठ्ठीवर लिहून आत टाका. आईला सांगा, मिशनवर एकट्याचा डबा एकट्याचा राहत नाही. माझा उघडला तेव्हा आठ जण भोवती होते. म्हणून थोडं जास्त भरा.

महालची_ताई
आज जीपीओत दिला. खिडकीवरच्या बाईंनी पत्ता पाहून काही विचारलं नाही, लगेच घेतला. करंज्या काढल्या, अनारसे ठेवले. जास्त भरा म्हटल्यावर आई रात्री पुन्हा शंकरपाळे लाटायला बसली, पाच किलोच्या वर गेलं. लोणचंही द्यायचं होतं तिला, ते तेलाचं म्हणून मी थांबवलं.

कामठीकर_निवृत्त
बरं केलं. पावती जपून ठेवा, तिच्यावरचा नंबर भावाला कळवा. डबा हातात पडला की तारीख इथे लिहा. किती दिवस लागले हे तुम्हीच विचारलं होतं, पुढच्यालाही तेच हवं असेल.