‘लॉग वाचा’ म्हणणाऱ्यांनी एक दिवस माझ्या काउंटरवर बसावं

नववी गल्ली:
परवा टर्मिनलवाल्यानं इथं लिहिलं: "विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून रडताय कशाला? लिनक्स मिंट टाका, फुकटची सिस्टिम आहे, पंधरा मिनिटांचं काम. अडलं तर लॉग वाचा, मशीन काय-काय झालं ते त्यात लिहून ठेवतं. ज्याला जमत नाही त्याला वाचायचा कंटाळा." दोन दिवस गप्प बसलो. आज लिहितो, आणि लांब लिहिणार.

कोल्हापुरात राजारामपुरीत बारा वर्षं कॉम्प्युटर रिपेअरिंग करतोय. इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरचे लॅपटॉप येतात, मशीन ठणठणीत, पण विंडोज ११ त्यांना दारात उभं करत नाही. मी स्वतःच मिंट सुचवतो, म्हणजे मी काही लिनक्सचा वैरी नव्हे. पण पेठेतल्या एका निवृत्त मास्तरांचं ऐका. मिंट टाकलं, दुकानात वायफाय फुल्ल. घरी गेले आणि तासाभरात फोन, "नेट येत नाही." परत आणलं, दुकानात फुल्ल. अशा तीन फेऱ्या. शेवटी मीच गाडी काढून त्यांच्या घरी गेलो तेव्हा उजेड पडला. माझा राउटर काउंटरखाली, दोन हातांवर. त्यांचा माडीवर. त्या वायफाय कार्डाला अँटेनाची दोन टोकं, बनवणाऱ्यानं वायर एकालाच जोडलेली, आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, नेमका रिकाम्या टोकाला कान लावून बसलेला. मॉडप्रोबच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या सेटिंगच्या, फोल्डरात एका ओळीची फाइल टाकली, अँट-सेल बरोबर २, म्हणजे दुसऱ्या टोकाला कान लाव, रीबूट केलं, माडीवरचं नेट खाली उतरलं.

आता सांग, मास्तरांनी कुठला लॉग वाचायचा होता? लॉगमध्ये एरर नव्हतीच. ड्रायव्हरच्या मते सगळं झकास चाललेलं.

टर्मिनलवाला:
दादा, गोष्ट छान आहे. पण इन्स्टॉल करायच्या आधी लाइव्ह यूएसबीवर, म्हणजे नुसत्या पेनड्राइव्हवरनं, चालवून बघायचं असतं, आणि जिथं वापरणार तिथं बघायचं असतं. तुम्ही दुकानात बघितलं.

आणि विंडोज काय आभाळातून ड्रायव्हर घेऊन पडतं? कोरं विंडोज टाकलं की कधी टचपॅड मेलेला, कधी आवाज गायब. तुम्हीच पेनड्राइव्हमधला ड्रायव्हरपॅक मारता आणि ५०० घेता. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही एवढंच. कंपन्यांनी चिपची माहिती द्यायची नाही आणि शिव्या लिनक्सनं खायच्या. २०१२ साली फिनलंडमध्ये लिनक्स काढणाऱ्या खुद्द टोरवाल्ड्सनं ग्राफिक्स चिपवाल्या एनव्हिडियाला भर सभेत बोट दाखवलं होतं, तरी त्यांना ड्रायव्हरचं कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात बसणारा भाग, खुलं करायला २०२२ उजाडलं.

नववी गल्ली:
५०० नाही, ४०० घेतो. लाइव्ह यूएसबी घेऊन प्रत्येकाच्या माडीवर जायचं तर पेट्रोल तू घालणार व्हय?

शिरोली सेकंड शिफ्ट:
वायफायचं काय घेऊन बसलाय. मला इन्स्टॉलरमध्ये एसएसडीच दिसेना. विंडोज मात्र त्याच एसएसडीवरनं गुमान चालू. दोन पेनड्राइव्ह बदलले, डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकारच, बदलली. शेवटी बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, सापडलं, डिस्क इंटेलच्या आरएसटी मोडवर. साधा एएचसीआय मोड केला तर एसएसडी दिसली, पण विंडोज निळं पडलं. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये उठायला सांगून मगच बायोसला हात लावायचा असतो, हे दुसऱ्या दिवशी कळलं. रात्री दोनला बायको म्हणाली, "तुमची फौंड्री बरी, निदान भोंगा तरी वाजतो."

बावड्याचा:
अकराव्या जनरेशनपासून बायोसमध्ये त्या आरएसटीचं नाव व्हीएमडी. उबंटू या दुसऱ्या डिस्ट्रोचा इन्स्टॉलर तर स्क्रीनवरच सांगतो की आरएसटी चालू आहे, बंद करा.

शिरोली सेकंड शिफ्ट:
सांगतो. इंग्रजीत.

फ्लेक्सवाला:
हे सगळं जमलं तरी लिनक्सवर कोरलड्रॉ कुठंय? माझं सगळं डिझाइन त्यात. दादांचा वाढदिवस उद्या, फ्लेक्स आज रात्री चौकात चढला पाहिजे. फोटोत चाळीस कार्यकर्ते, एकाचं डोकं कापलं तर माझं कापतील. तेव्हा मी लिनक्सवरचं इंकस्केप शिकत बसू?

टर्मिनलवाला:
कोरलड्रॉवाल्या कोरल कंपनीनं १९९९ साली स्वतःचं लिनक्स काढलं होतं. २००० मध्ये कोरलड्रॉ ९ लिनक्सवर दिलं होतं. लोकांनी विकत घेतलं असतं तर आज असतं.

फ्लेक्सवाला:
२००० साली मी चौथीत होतो मर्दा.

आणि माझ्या पंधरा वर्षांच्या फायली जुन्या फॉन्टात आहेत. मिंटवर उघडल्या तर ‘शुभेच्छुक’च्या जागी किडामुंगी.

बावड्याचा:
त्यात लिनक्सचा काय दोष? तुमच्या फायलींत मराठी नाहीच मुळात. आत इंग्रजी अक्षरं, वर मराठीचा मुखवटा. मुखवटा नसला की चेहरा दिसतो. युनिकोडमध्ये करा, त्यात आतही खरी मराठी अक्षरं असतात.

फ्लेक्सवाला:
केलं होतं की! मागच्या मे महिन्यात लग्नपत्रिका युनिकोडमध्ये केली. ‘नवऱ्या मुलाचे वडील’ लिहायचं, छापून आलं ‘नवर्या’. मुलीच्या मामानं ५०० पत्रिका टेबलावर आपटल्या. पुन्हा छापल्या, पदरच्या पैशानं. तुमचा युनिकोड तुम्हाला लखलाभ.

मास्तरीणबाई:
अहो, तो टिंबाचा ऱ वेगळा असतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डावर शिफ्ट जे, मग पाय मोडायला डी, मग य. दऱ्या आणि दर्या यांत डोंगर-समुद्राचा फरक आहे. शाळेत मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवते. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं लिनक्सच चालतं, आणि तिथली मुलं मल्याळममध्ये टाइप करतात. आपल्याकडं एमएससीआयटी केलेल्या माणसालाही ऱ सापडत नाही, कारण कुणी दाखवलाच नाही.

फ्लेक्सवाला:
मॅडम, माझी बोटं रेमिंग्टनवर, जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डावर, घासलेली आहेत. ह्या वयात बोटं बदलायची का?

टर्मिनलवाला:
चौथीचा हिशेब केला तर पस्तिशीत आहात. आणि लिनक्सवर भाषा टाइप करायचं आयबस आहे, त्यात रेमिंग्टनही आहे. पण वाचणार कोण?

फ्लेक्सवाला:
ए, कंटाळा कुणाला म्हणतोस? रात्री तीनपर्यंत मशीनवर उभा असतो मी. तू एसीत बसून ज्ञान पाजळतोस. ये एकदा लक्ष्मीपुरीत, दाखवतो कंटाळा.

नववी गल्ली:
हाणामारी नको, माझा धागा आहे. टर्मिनलवाल्याचं एक खरं, कोऱ्या विंडोजवर ड्रायव्हर मीच मारतो आणि त्याचं श्रेय विंडोज खातं. एवढं कबूल. पण तुझं ते पंधरा मिनिटांचं वाक्य मागं घे.

टर्मिनलवाला:
बरं, घेतलं. दीड तास.

नववी गल्ली:
माडी धरून?

टर्मिनलवाला:
माडी धरून दोन. पेट्रोल तुमचं.

शिरोली सेकंड शिफ्ट:
माझ्या दोन रात्री कोण धरणार?

फ्लेक्सवाला:
मॅडम, पोराच्या लॅपटॉपवर मिंट आहे, आत्ता करून बघितलं. शिफ्ट जे दाबलं. कॅपिटल जे आला.

मास्तरीणबाई:
आधी कीबोर्ड मराठी करायचा असतो. खाली उजवीकडे भाषेचं चिन्ह दिसतंय का?

फ्लेक्सवाला:
चिन्हच नाही.

नववी गल्ली:
टर्मिनलवाले, सांगा त्यांना लॉग वाचायला.