मदत हवी आहे: पन्हाळ्याकडं लाल दगड वर आणि काळा खाली, असं का?

मंडळी, सोमवारच्या आत उत्तर पाहिजे. धाकटी नववीला आहे, भूगोलाच्या प्रोजेक्टला पन्हाळ्याचं मॉडेल घेतलंय. परवा तिला गाडीवरनं पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर नेलं. वर सगळा जांभा, म्हणजे तो लाल दगड, भोकाभोकाचा, एका भोकात बोट घातलं तर बोटाला हळदीकुंकू लागावं तशी भुकटी. उतरताना घाटात जिथं रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं थांबलो तर काळा पाषाण आणि त्यात गोल धोंडे, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले, पोरगी हातानं सोलत बसली. मग म्हणाली पप्पा, वरचा थर नवा असतो ना, म्हणजे लाल लाव्हा नंतर आला का? मी गाडी चालवता चालवता ठोकून दिलं, हो, लाल मागनं आला. तिनं ते चार्टवर स्केचपेननं लिहूनपण टाकलंय, आता मला धाकधूक. आणि वरनं एवढं सपाट कसं ओ?

उत्तर:
दादा, पहिला तो चार्ट बदला. जांभा म्हणजे तोच काळा बेसाल्ट, जागच्या जागी कुजलेला. लाव्हा थरावर थर पसरला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. नंतर लाखो वर्षं गरम हवा आणि धो धो पाऊस, पाण्यानं त्यातली सिलिका धुऊन नेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, लोखंड गंजलं म्हणून लाल. ॲल्युमिनियम जास्त उरलं तिथं बॉक्साईट, राधानगरी-शाहूवाडीकडं मिळतं ते. तुमच्या पोरीनं सोललेला कांदा ही त्याच कुजण्याची सुरुवात, तिला हे नक्की सांगा.
सपाटीचं म्हणाल तर लाव्हाचे थर मुळात आडवे, त्यावर जांभ्याची कडक टोपी. पाऊस माथ्यापेक्षा कडेनं जास्त खातो, खालचं मऊ निसटलं की टोपीची कड तुटून पडते, म्हणून कडे उभे. पन्हाळा काय वर उचलला गेलेला नाही, आजूबाजूचं इकडं कासारी नदीनं आणि तिकडं वारणा नदीनं उकरून नेलं.

लई आभार. पोरगी म्हणते, म्हणजे पप्पा तुम्ही फेकलेलं! मॉडेलवर खरा जांभा लावायचाय तिला, पण गडावरनं काही उचलायचं नाही असं ठरलंय.

उत्तर:
कोकणातनं जांभ्याचे चिरे आणून कुठं बांधकाम चाललं असेल तिथं विचारा, तुकडे पडलेलेच असतात. फक्त हाताला पिशवी बांधा, शर्टाला लागलं तर डाग निघत नाही.