टाटामोबाइल २०६ सकाळी लवकर चालू होत नाही, डिझेल पंप (इंजिनाला दाबाने डिझेल देणारा) खोलू का?

मंडळी, बडोद्यात जुनी टाटामोबाइल २०६ पिकअप नीट करतोय. पत्रा, रंग, मागचा हौदा झाला. इंजिन मूळचंच, १९४८ सीसी डिझेल. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, पांढरा धूर येतो. गरम असताना मात्र लगेच चालू. हीटर प्लग आणि डिझेल फिल्टर नवे, बॅटरी ठणठणीत. हाताने प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप) मारून लाइनमधली एअर काढली तर सकाळीही पटकन स्टार्ट होते, म्हणजे डिझेल मागे उतरत असावं. पंपाच्या आधी पारदर्शक नळी लावली, त्यात सकाळी बुडबुडे दिसतात. टाकीकडून येणारी लोखंडी लाइन जुनीच आहे. मकरपुऱ्यातला मिस्त्री थेट पंप खोला म्हणतो (ते काम त्याच्याकडेच, हेही आलंच). दुसरं इंजिन सुचवू नका, आरसीत नोंदीची कटकट नको. पंप न खोलता हवा लाइनमधून शिरतेय की पंपाच्या सीलमधून, हे कसं ओळखायचं?