'आहे त्या स्थितीत' अशी सही घेतली की जुन्या गाडीचा डीलर सुटला का?

पानापेटी (धागाकर्ता)

जुन्या गाडीच्या डिलिव्हरी नोटवर एक ओळ हमखास असते: 'गाडी पाहून, चालवून, आहे त्या स्थितीत घेतली, यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही.' खाली सही. दोन-तीन आठवड्यांत गिअरबॉक्स बोलायला लागला की डीलर हाच कागद पुढे करतो आणि घेणारा निमूटपणे खर्च सोसतो. माझं मत स्पष्ट आहे. जो धंदा म्हणून गाड्या विकतो त्याला या एका ओळीमागे लपता येऊ नये.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये नवी वस्तू आणि जुनी वस्तू असा भेद ग्राहकाच्या व्याख्येत नाही. मोबदला देऊन, पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी कामासाठी नाही अशी वस्तू घेतली की कलम २(७) प्रमाणे तुम्ही ग्राहक. स्वयंरोजगारासाठी स्वतः टॅक्सी चालवणाराही त्यात येतो. कलम २(१०) मधली दोषाची व्याख्या त्याहून कामाची आहे. कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याप्रमाणे जो दर्जा असायला हवा त्यातली उणीव म्हणजे दोष. डीलरने जाहिरातीत 'नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, कंपनी सर्व्हिस्ड, मीटर ओरिजिनल' लिहिलं की तो दावा झाला, आणि गाडी त्या दाव्यावर मोजली जाणार. सहीची ओळ वेगळी, जाहिरात वेगळी, असं चालणार नाही.

तिसरा गिअर

असहमत. तुम्ही दोष आणि झीज यांची खिचडी करताय. ९० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचा क्लच, सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंट, डिझेलचे इंजेक्टर हे सगळे भाग आपापलं आयुष्य संपवत आलेले असतात. किंमत कमी लागते ती त्याचमुळे. घेताना त्या झिजेची सूट घ्यायची आणि नंतर तीच झीज दोष म्हणून डीलरच्या गळ्यात घालायची, हा दुहेरी फायदा झाला.

आणि माल विक्री कायदा १९३० विसरू नका. कलम १६ मध्ये विक्रीयोग्य दर्जाची गृहीत (करारात न लिहिताही लागू) अट आहे हे खरं, पण लगेच परंतुकही आहे: खरेदीदाराने माल तपासला असेल तर तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याबद्दल ही अट लागू नाही. कलम ६२ तर सरळ सांगतं की गृहीत अटी दोन्ही बाजूंच्या स्पष्ट कराराने बाजूला ठेवता येतात. 'आहे त्या स्थितीत' हा तोच करार. उद्या प्रत्येक डीलरला सक्तीची हमी द्यायला लावली तर तो तिचा खर्च किमतीत मिळवणार, आणि १०-१२ वर्षांच्या गाड्या विकणंच बंद करणार. त्या गाड्या मग दलालांमार्फत कागदाशिवाय विकल्या जातील. ग्राहकाचं भलं कुठे झालं?

कलमदान

तिसरा गिअर यांनी कलमं बरोबर दिली, पण अर्धीच वाचली. परंतुकातले शब्द पाहा. जी तपासणी प्रत्यक्ष केली तिच्यात जे उघड व्हायला हवं होतं तेवढंच वगळलं जातं. वीस मिनिटांच्या चक्करीत टायर, हेडलाइट, बॉडीवरचा पोचा, एसीचा गारवा कळायला हवा. हेड गॅस्केटमधून (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांमधल्या सीलमधून) थेंबथेंब जाणारं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कळायला हवं असं कोणी म्हणणार नाही.

कलम ६२ ने अटी वगळता येतात, लबाडी वगळता येत नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७: वस्तुस्थिती माहीत असून ती कृतीने लपवणं ही फसवणूक आहे. नुसतं गप्प राहणं सहसा नाही. या फरकावर बरंच अवलंबून आहे, कारण कलम १९ च्या अपवादानुसार चुकीची माहिती किंवा लबाडीचं मौन एवढंच असेल आणि साध्या दक्षतेने सत्य कळण्यासारखं असेल तर करार रद्द करता येत नाही. कृतीने झाकाझाक केली असेल तर हा अपवाद विक्रेत्याच्या मदतीला येत नाही. म्हणजे डीलर अपघाताबद्दल बोललाच नाही, तर लढाई अवघड. त्याने एअरबॅगचा दिवा बंद करून ठेवला असेल, तर चित्र बदलतं.

एक इशारा. 'ही ओळच अन्याय्य करार आहे' म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ नका. अन्याय्य कराराची तक्रार कलम ४७ खाली थेट राज्य आयोगाकडे जाते. जिल्हा आयोगात दोष आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढ्यावरच राहा.

ओबीडी-पोर्ट

कायदा ठीक आहे, पण खटले हरतात ते दुसऱ्याच ठिकाणी. दोष आज आहे हे सगळेच सिद्ध करतात. तो ताबा घेतला त्या दिवशी होता, हे दाखवायचं असतं. त्यासाठी गाडीतच पुरावे असतात, फक्त ते आठवड्याच्या आत गोळा करायला हवेत.

स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावून नुसते फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, बघू नका. विकण्याआधी ते पुसलेले असतातच. रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीने आपल्या यंत्रणांची स्वतःची तपासणी पूर्ण केली की नाही ती नोंद. ते अपूर्ण दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत. बऱ्याच गाड्या 'कोड पुसल्यापासून किती किलोमीटर' आणि 'तेव्हापासून इंजिन किती वेळा गरम झालं' हे दोन आकडेही देतात. डिलिव्हरीनंतर गाडी ४० किलोमीटर चालली आणि कोड पुसल्याला ४५ झालेत, तर इरेझर कोणाच्या हातात होता हे वेगळं सांगायला नको. पडद्याचे फोटो ओडोमीटर एकाच चौकटीत येईल असे काढा.

मीटर मागे केल्याचा संशय असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून चेसिस नंबरवरून सर्व्हिसची यादी काढा. प्रत्येक भेटीला किलोमीटर नोंदलेले असतात. २०२१ ला ७८ हजार आणि आज ५२ हजार असेल तर पुढे बोलायची गरज नाही. काही गाड्यांत गिअरबॉक्स किंवा एबीएसच्या मोड्यूलमध्ये किलोमीटर वेगळे साठवलेले असतात, मीटर फिरवणारा तिथवर पोचतोच असं नाही.

अपघात: पेंटची जाडी मोजा. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. ३०० च्या वर गेलं की खाली पुट्टी आहे असं समजा. दरवाजा रंगवलेला असणं मोठी गोष्ट नाही, ओरखड्यासाठीही रंगवतात. पिलर, छत, बॉनेटखालचा एप्रन इथे जाड रंग किंवा हाताने केलेलं वेल्डिंग दिसलं तर मात्र गाडीचा सांगाडा मोडून जोडलाय.

एअरबॅग: चावी फिरवल्यावर दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलाय किंवा सॉफ्टवेअरमधून बंद केलाय. नीट लागून विझला तरी खात्री नाही, फुटलेल्या बॅगेच्या जागी रेझिस्टर बसवून सिस्टीमला फसवता येतं. कलमदान म्हणतात ती 'कृतीने झाकाझाक' म्हणजे हीच.

तिसरा गिअर

तुमचा प्रतिसाद माझ्याच बाजूचा आहे. हे सगळं पैसे देण्याआधी करता येत नव्हतं का? स्कॅन, पेंट गेज, सर्व्हिसची यादी, कम्प्रेशन टेस्ट, एका सकाळचं काम. ते न करता घ्यायचं आणि नंतर आयोगात जायचं?

शिवाय बॅटरीचं टर्मिनल काढलं तरी बऱ्याच गाड्यांत रेडिनेस मॉनिटर रीसेट होतात. डीलर म्हणेल गाडी दोन महिने उभी होती, नवी बॅटरी टाकली. तुमचा पुरावा तिथेच लंगडा झाला.

ओबीडी-पोर्ट

बॅटरीचा मुद्दा मान्य, म्हणूनच एकट्या मॉनिटरवर उभं राहू नये. पण तुम्ही म्हणता त्या सकाळी डीलर गाडी लिफ्टवर घेऊ देतो का? बहुतेक जण स्कॅनरला हरकत घेत नाहीत, कम्प्रेशन टेस्टला घेतात, कारण स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात. तपासणीला नकार दिला तर तो व्हॉट्सॅपवर लेखी मागा. मग कलम १६ चं परंतुक त्यालाच अडचणीचं.

गाळ-सांड

पुराच्या पाण्यातली गाडी राहिली. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ असेल. सीटच्या रुळांवर गंज, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर, स्पेअर व्हीलच्या खळग्यात बारीक माती. या गाड्या महिनाभर बऱ्या चालतात, मग एकेक सेन्सर जायला लागतो. विमा कंपनीकडचा क्लेमचा इतिहास मागा, पूर्ण नुकसान म्हणून निकाली काढलेली गाडी तिथे सापडते.

बारीक अक्षर

सगळे सहीच्या ओळीवर भांडताय, पण आजकाल डीलर स्वतःच '६ महिने वॉरंटी' देतात आणि खरा घोळ तिथे आहे. साधारण मसुदा असा: इंजिन आणि गिअरबॉक्सचे फक्त आतले, तेलात फिरणारे भाग. क्लच, ब्रेक, बॅटरी, टायर, रबरी भाग, गळती वगळलेली. ओव्हरहीटिंगमुळे झालेलं नुकसान वगळलेलं. म्हणजे वॉटर पंप गेला, इंजिन तापलं, हेड वाकलं, तर मूळ भाग कव्हरमध्ये नाही आणि परिणाम तर नाहीच. वर दोन अटी: परवानगीशिवाय इंजिन उघडलं तर क्लेम बाद, आणि उघडल्यावर कव्हर न होणारं कारण निघालं तर उघडण्याची मजुरी ग्राहकाची.

म्हणून इंजिन तापल्याचा काटा वर जाताच तिथेच बंद करा आणि टो करा. 'पुढच्या चौकापर्यंत नेली' हे वाक्य जॉब कार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदीवर) आलं की संपलं. तक्रार लिहून देताना निदान लिहू नका, लक्षण लिहा. 'गॅस्केट गेलं' नाही, तर 'कूलंट कमी होतंय, बाहेर गळती दिसत नाही, सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर'.

कंपनीची मूळ वॉरंटी शिल्लक असेल तर ती सहसा गाडीबरोबर येते. पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी मात्र नावावर करून घ्यावी लागते, आरसी बदलली म्हणजे ती आपोआप बदलली असं नाही.

दुसरा मालक

डीलरच नसेल तर? म्हणजे ओळखीतून थेट मालकाकडून घेतली तर ग्राहक आयोग चालतो का?

कलमदान

सहसा नाही. एखाद-दुसरी स्वतःची गाडी विकणारा व्यापारी ठरत नाही, कलम १६ ची दर्जाची अटही त्या मालाचा धंदा करणाऱ्यालाच लागते. उरतो करार कायदा आणि दिवाणी कोर्ट, आणि पैसे घेतानाच फसवायचा हेतू होता हे दाखवता आलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. नंतर गाडी बिघडली एवढ्यावर पोलीस गुन्हा घेत नाहीत आणि घेऊही नये.

डीलर मात्र हीच पळवाट वापरतो: 'आम्ही नुसती गाठ घालून दिली, विकणारा मूळ मालक.' त्याला उत्तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन कार्यालयाचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये ऑनलाइन जाते आणि तिथून पुढे डीलर मालक मानला जातो. २९सी झालेला असेल तर 'आम्ही फक्त मध्यस्थ' हा बचाव टिकायला कठीण. झालेलाच नसेल, तर असा डीलर निवडल्याची किंमत मोजावी लागते; पैसे देण्याआधीच तपासायला हवं होतं, हे तिसरा गिअर यांचं म्हणणं इथे मला मान्य करावं लागेल. पावती कोणाच्या नावाची, पैसे कोणाच्या खात्यात, हे पाहा आणि तक्रारीत डीलर आणि मूळ मालक दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा.

आयोगात जायचं तर आधी लेखी नोटीस द्या, १५ दिवस द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवता येते, काही डीलर तेवढ्याने तडजोडीला येतात. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांपर्यंत, आणि ती मोजायची दिलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५ लाखांपर्यंतच्या गाडीला शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. तुम्ही राहता तिथल्या आयोगात दाखल करता येते, डीलर दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. कायदा ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत निकाल लावायला सांगतो. कायदा सांगतो हो, तारखा सांगत नाहीत.

तिसरा गिअर

मग या काळात गाडी उभी ठेवायची? ग्राहक वैतागून दुरुस्त करून घेतो आणि पुरावा भंगारात जातो. झिजेवरचं माझं मत कायम आहे, पण खऱ्या दोषातही लोक इथेच मार खातात.

ओबीडी-पोर्ट

उभी ठेवायची गरज नाही, क्रम पाळायचा. उघडण्याआधी डीलरला तारीख, वेळ, गॅरेज कळवा आणि हजर राहायला सांगा. आला नाही तरी कळवल्याचा पुरावा राहतो. हेड गॅस्केटचा संशय असेल तर न उघडता होणाऱ्या चाचण्या आधी: कूलंटमध्ये जळालेला वायू शोधणारी रंग बदलणारी टेस्ट, प्रत्येक सिलिंडरचं कम्प्रेशन, आणि इंजिन ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत. रेडिएटरमध्ये तपकिरी चिकट गाळ दिसला तर तो बाटलीत भरून ठेवा. गळती बुजवायचं रसायन ओतल्याची खूण असू शकते, आणि ताबा तुमच्याकडे येऊन चारच दिवस झाले असतील तर ते कोणी ओतलं हे डीलरला समजावावं लागेल.

मग उघडा. काढलेला प्रत्येक भाग फोटोसह जॉब कार्डवर नोंदवून घ्या, गॅरेजवाल्याची सही-शिक्का आणि गाडीचा नंबर घालून सील करा, जुने भाग परत हवेत असं आधीच लिहून द्या. गॅस्केट पुसू देऊ नका, जळालेली जागा काजळीवरूनच कळते. हेड मशीनिंगला देण्याआधी सरळपट्टी आणि फीलर गेज लावून किती वाकलंय ते मोजून घ्या, कारण फेसिंग (हेड घासून सपाट करणं) झाल्यावर ते माप कायमचं जातं.